लाईट जाणारच असेल तर वेळ आधी सांगा

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी लाईटचीच असतात. मी २६ वर्षं ३३ केव्हीच्या सबस्टेशनात ऑपरेटर होतो, फीडर, म्हणजे गावाकडे जाणारी विजेची लाईन, बंद करणारा हात माझाच असायचा, म्हणून संपादकांनी या वेळची पत्रं माझ्याकडे दिली. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय.

प्रश्न : आम्ही दर महिन्याला बिल वेळेवर भरतो, एकदाही थकलेलं नाही. तरी आमच्या भागात सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास भारनियमन आणि रस्त्यापलीकडच्या कॉलनीत पंखे चालू. हे कुठल्या कायद्यात बसतं? – एक गृहिणी, जालना जिल्हा

ताई, तुमचा राग अगदी बरोबर आहे आणि उत्तर जरा लांब आहे.

आपल्याकडे भारनियमन माणूस बघून होत नाही, फीडर बघून होतं. सबस्टेशनातून ११ केव्हीची जी लाईन निघते तिला फीडर म्हणतात, तिच्यावर तुमच्यासारखी शेकडो घरं, दुकानं, गिरण्या असतात. त्या लाईनवर किती युनिट सोडले आणि त्यातल्या किती युनिटचे पैसे परत आले याचा हिशोब होतो, म्हणजे आकडे टाकून झालेली चोरी, तारांमधली गळती आणि न भरलेली बिलं सगळं एकत्र धरून तूट काढतात. समजा १०० युनिट सोडले आणि ५५ चेच पैसे आले तर तूट ४५ टक्के. या तुटीवरून महावितरणने फीडरचे गट पाडले, ए पासून एफ पर्यंत आणि मग जी-१, जी-२, जी-३. ए म्हणजे सगळ्यात कमी तूट, जी-३ म्हणजे सगळ्यात जास्त. वीज कमी पडली की कुऱ्हाड आधी खालच्या गटांवर पडते. एप्रिल २०२२ ला कोळसा कमी आणि ऊन जास्त अशी वेळ आली, राज्यात अडीच ते तीन हजार मेगावॅटची तूट सांगितली गेली, तेव्हाही जास्त हानी आणि कमी वसुलीच्या फीडरवरच भारनियमन जाहीर झालं होतं. त्यामुळे तुमची कॉलनी आणि पलीकडची कॉलनी यांत रस्ता एवढाच फरक नाही, फीडर वेगळा आहे.

कायद्याचं म्हणाल तर वीज कायदा २००३, कलम २३. पुरवठा नीट चालावा आणि विजेचं न्याय्य वाटप व्हावं म्हणून वीज नियामक आयोग पुरवठा, वितरण आणि वापर यांवर आदेशाने नियंत्रण आणू शकतो. म्हणजे बंधन घालायचा अधिकार आहे, पण तो न्याय्य वाटपासाठी दिलाय, आणि हे दोन शब्द कायद्यातच आहेत. शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून वेळेवर बिल भरणाऱ्या घरातलं पोर दहावीच्या अभ्यासाला अंधारात बसतं, याला मी न्याय्य म्हणत नाही, नोकरीत असतानाही म्हटलं नाही. वसुली करणं कंपनीचं काम आहे, ते तुमच्या गल्लीवर ढकलून कसं चालेल.

आता करायचं काय. तुमचा फीडर कुठला आणि तो कुठल्या गटात आहे हे उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा, पोच घ्या. गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून विचारलं तर उत्तर लवकर येतं हा माझा अनुभव आहे. वेळापत्रक लेखी मागा. वेळापत्रकाबाहेर लाईट जात असेल तर तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा, कारण सबस्टेशनातही लॉगबुक असतं, त्यात फीडर कधी बंद केला आणि कधी चालू केला ते मिनिटासकट लिहिलेलं असतं आणि तुमची वही त्याच्याशी जुळवता येते. आधी कंपनीकडे तक्रार, तिथे नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपाल, ते मुंबईत आणि नागपूरला आहेत. वकील लागतोच असं नाही.

प्रश्न : पण तुम्ही लोक फोन का उचलत नाही? लाईट गेली की सबस्टेशनचा फोन कायम एंगेज. – एक वाचक, बीड

दादा, उचलायचो हो. पण एका वेळेला पन्नास जण फोन करत असतात आणि त्याच वेळेला वरून लोड किती उतरलं म्हणून विचारणा होत असते. ही वरची साखळी समजून घ्या. सगळ्या राज्याचा भार कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून बघतात. वीज साठवून ठेवायची सोय फारच थोडी, त्यामुळे जेवढी मागणी तेवढी त्याच क्षणाला तयार व्हावी लागते, नाहीतर ग्रीडची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या लाईनींच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून खाली घसरते. आणि वाट्यापेक्षा जास्त वीज ओढून लाईनींवर अति भार आला तर काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत दिसलं, दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही ग्रीड कोसळले आणि ६० कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. म्हणून निरोप आला की आम्हाला विचार करायला वेळ नसायचा, ब्रेकर, म्हणजे लाईन तोडणारा मोठा स्विच, पाडायचा, खाडकन आवाज व्हायचा, पॅनेलवरचा अँपिअरचा काटा शून्यावर यायचा आणि पाच सेकंदांत फोन वाजायला लागायचा. पहिला फोन बहुतेक पिठाच्या गिरणीवाल्याचा.

ही अचानक करायची कपात वेगळी आणि ठरवून केलेलं भारनियमन वेगळं. अचानकचं कुणालाच आधी सांगता येत नाही. पण ठरवून करायचंय ते तरी लोकांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे आणि ठरलेल्या वेळेलाच लाईट आली पाहिजे, यात कसूर झाली की मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : माझं पिंपरीत छोटं वर्कशॉप आहे, चार लेथ. वडील सांगतात की आपली गुरुवारची सुट्टी सरकारने विजेसाठी लावली. खरं का? आणि असं सरकार सांगू शकतं का? – एक लघुउद्योजक

वडील बरोबर सांगतात. सगळ्या कारखान्यांनी रविवारी सुट्टी घेतली तर रविवारी वीज उरते आणि बाकी सहा दिवस ओढाताण होते, म्हणून साप्ताहिक सुट्ट्या वाटून दिल्या, त्याला स्टॅगरिंग म्हणायचे. पिंपरी-चिंचवडला गुरुवार, डोंबिवली-अंबरनाथकडे शुक्रवार. जुन्या १९१० च्या वीज कायद्यात कलम २२-ब होतं, त्याखाली राज्य सरकार थेट आदेश काढून वापरावर बंधन घालू शकायचं. २००३ च्या कायद्यात ते काम कलम २३ ने आयोगाकडे आलं.

आणि तुमच्याच भागातली एक चांगली गोष्ट सांगतो कारण ती विसरली जातेय. २००५-०६ ला राज्यात तूट चार-पाच हजार मेगावॅटपर्यंत जायची, दाभोळचा वीज प्रकल्प २००१ पासून बंद पडलेला, नवीन प्रकल्प वेळेत उभे राहिलेले नाहीत, खेड्यात तर दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची. तेव्हा २००६ ला पुण्यात सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने मोठ्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलात थोडा थोडा वाटायचा असं ठरलं. आयोगाने मान्यता दिली आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. पुणे मॉडेल म्हणतात ते हेच. डिझेलचा धूर झाला आणि ते महागही होतं, शिवाय पैसे मोजू शकणाऱ्या शहरालाच ते जमलं, हे खरंय. पण ज्याच्याकडे पर्याय आहे त्याने आधी बाजूला व्हायचं, ही त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : माझा मुलगा टोकियोला नोकरीला आहे. तो म्हणतो तिकडे भूकंपानंतर अणुभट्ट्या बंद पडल्या तरी उन्हाळा लाईट न जाता निघाला. आपल्याला का नाही जमत? – एक आई, ठाणे

मुलगा म्हणतो ते खरंय, पण पूर्ण नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर १४ मार्चपासून टोकियोच्या आसपास तिथेही पाळीपाळीने वीज बंद केली होती आणि लोकांचे भरपूर हाल झाले, लोकल बंद, सिग्नल बंद. पश्चिम जपानकडून वीज आणावी तर तिकडे ६० हर्ट्झ आणि टोकियोकडे ५०, मधे बदलून देणारी यंत्रणा तोकडी. मग उन्हाळ्यासाठी त्यांनी वेगळा रस्ता धरला. टोकियो आणि त्याच्या उत्तरेकडच्या तोहोकू भागात ५०० किलोवॅट किंवा जास्त कराराचा जो ग्राहक असेल त्याने आदल्या उन्हाळ्याच्या मानाने कमाल वापर १५ टक्के कमी करायचा, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते रात्री ८, जाणूनबुजून मोडलं तर १० लाख येनपर्यंत दंड. दवाखान्यांसारख्यांना सवलत. घरातल्यांवर सक्ती नाही, फक्त विनंती. आणि मोटार कंपन्यांनी काय केलं माहितीये, जुलै ते सप्टेंबर गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेतली आणि शनिवार-रविवार काम केलं. आपल्या पिंपरीचाच गुरुवार!

म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाहीये काकू, कामगारांच्या सुट्ट्या फिरवणं आपण कधीच करून दाखवलंय. फरक आहे तो क्रमाचा. त्यांनी आधी मोठ्याला सांगितलं, कितीने कमी करायचं तो आकडा दिला, आणि उन्हाळा यायच्या आधी दिला. आपल्याकडे मॉलचा एसी आणि रात्रभर जळणारे होर्डिंग चालू राहतात आणि गावठाणातला एक बल्ब आधी जातो.

प्रश्न : शेतीला रात्रीचीच थ्री फेज मिळते. बारा वाजता लाईट आली की दहा मिनिटांत डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) डीओ (फ्यूज) उडतो आणि मग सकाळपर्यंत काही नाही. बिबट्याचं भय वेगळंच. – एक शेतकरी, जुन्नर तालुका

भाऊ, हे वाचून जीव कळवळतो. माझ्या काकांनी आयुष्यभर रात्री बारे दिलेत, म्हणजे पिकाला पाणी दिलंय, एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी.

दिवसा उद्योग आणि शहर चालतं, रात्री वीज उरते, म्हणून पंप पाळीपाळीने रात्रीकडे ढकलले. यावर खरं उत्तर दिवसाची वीज हेच आहे आणि त्यासाठीच २०१७ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा, गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर त्याच्यावर चालवायचा. तुमच्या फीडरचा त्यात नंबर आहे का हे ग्रामपंचायतीच्या ठरावासकट विचारा.

पण डीओचं आजच सुधारता येईल. मोटारींना ऑटो स्विच लावलेत ना? लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणाला उठतात, चालू होताना मोटार नेहमीपेक्षा पाच-सहा पट करंट ओढते, ५ एचपीच्या दहा मोटारी एकदम उठल्या की ६३ केव्हीएचा डीपी कसा टिकणार. तो आधी घुमायला लागतो, मग डीओ उडतो, नाहीतर आत वाइंडिंग जळतं आणि नवीन डीपी येईपर्यंत उभं पीक करपतं. डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा पारावर बसा, ऑटो काढा किंवा निदान त्यात वेळेचं अंतर ठेवा, पहिल्याची दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी अशी. आणि प्रत्येक मोटारीला कपॅसिटर लावा, करंट कमी ओढला जातो. गावाने मिळून ठरवलेलं टिकतं, अक्षय प्रकाश योजनेत तेच झालं होतं, संध्याकाळी कुणी मोटार किंवा शेगडी लावायची नाही असं गावांनी स्वतः कबूल केलं आणि त्या बदल्यात घरात दिवे राहिले.

प्रश्न : माझ्या आईला घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय. लाईट गेली की माझे हातपाय गळतात. घरच्या रुग्णाला काही सूट मिळते का? – एक मुलगी, अकोला

बाळा, फीडर बंद होतो तेव्हा एकच घर चालू ठेवता येत नाही, हे तुला खोटं सांगणार नाही. पण डॉक्टरांचं पत्र जोडून उपविभागात अर्ज दे, घरात असा रुग्ण आहे हे लाईनमनला आणि सबस्टेशनला माहीत असू दे. आमच्याकडे असं एक घर होतं, त्याचा नंबर आम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवला होता आणि ठरवून बंद करायच्या आधी अर्धा तास फोन करायचो. नियमात नव्हतं, पण करायचो.

इन्व्हर्टरचं गणित असं की ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं. १५० एएचची चांगली बॅटरी असली तर तेवढ्यावर अंदाजे तीन तास, जुनी असली तर त्याहून कमी, आणि त्याच इन्व्हर्टरवर पंखा-टीव्ही असेल तर आणखी कमी. म्हणून त्या इन्व्हर्टरवर मशीनशिवाय काही ठेवू नको. लाईट असताना, डॉक्टरांना विचारून आणि सिलेंडर शेजारी तयार ठेवून, मशीन एकदा बॅटरीवर चालवून बघ आणि किती वेळ चाललं ते लिहून ठेव. सिलेंडर भरलेला हवा, रेग्युलेटर बसवलेला हवा आणि चावी त्यालाच दोरीने बांधलेली हवी, अंधारात चावी सापडत नाही. किती फ्लो ठेवायचा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे आणि तो कागद सिलेंडरलाच चिकटव, म्हणजे तू घरी नसलीस तरी शेजारच्यांना लावता येईल.