वडील गेल्यावरही किसान सन्मानचे हप्ते येत राहिले, आता वसुलीची नोटीस

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो, खासगी नोकरी करतो, आयकर भरतो. गावी वडिलांच्या नावावर पावणेदोन एकर भातजमीन होती. ते १९ एप्रिल २०२१ रोजी वारले. पीएम किसानचे पैसे पुढेही वर्षभर त्यांच्या खात्यात जमा झाले. एटीएम कार्ड माझ्याकडे होतं. काढून आईला देत होतो. आता तहसीलमधून 'मयत लाभार्थी' म्हणून २२,००० रुपये भरा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवू, अशी नोटीस आली आहे. मेहुणे म्हणतात, फसवणुकीचा गुन्हाही दाखल होईल.

उत्तर : मेहुण्यांना जरा बाजूला ठेवा आणि पासबुक काढा. २२,००० म्हणजे दोन हजारांचे अकरा हप्ते, योजनेच्या पहिल्या हप्त्यापासूनचे सगळे. पहिला फेब्रुवारी २०१९ मधला, सातवा २५ डिसेंबर २०२०चा. हे सात वडिलांच्या हयातीतले. जमीन त्यांच्या नावावर होती, ते पात्र होते, तर त्या १४,००० वर कुणाचा हक्क पोचत नाही. मृत्यूनंतरचे चारच : मे आणि ऑगस्ट २०२१, जानेवारी आणि मे २०२२. पुढे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आली आणि हप्ते आपोआप थांबले. म्हणजे देणं आहे ८,००० रुपये.

हे ८,००० मात्र निमूटपणे भरा. चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो, करार कायद्याचं कलम ७२ तेच सांगतं. मे २०२१मध्ये आलेला हप्ता एप्रिल ते जुलैचा, तो काळ सुरू झाला तेव्हा वडील होते, असा मुद्दा काढता येईल. पण दोन हजारांसाठी चार रजा घालवायच्या का, ते तुम्हीच ठरवा. मी तरी घालवणार नाही. 'आई वारस आहे, तिचा हक्क होताच, तो यात वळता करा' हेही चालणार नाही, कारण तिची नोंदणीच नव्हती.

भरणा पीएम किसानच्या पोर्टलवर करता येतो. पावतीची प्रत, मृत्यूचा दाखला, वारस फेरफार आणि पासबुकाच्या प्रतीवर अकराही नोंदींना खूण करून लेखी उत्तर द्या : चार हप्ते परत केले, उरलेले सात हयातीतले असल्याने मागणी रद्द करावी. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. 'साहेब बघतील' याला पुरावा म्हणत नाहीत. तरीही पूर्ण रकमेचा आदेश जमीन महसूल संहितेखाली निघाला, तर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करा. मुदत ६० दिवसांची.

गुन्ह्याचं म्हणाल तर, फसवणुकीला मुळात कुणाला तरी खोटं सांगून पैसे उकळावे लागतात. तुम्ही कुठे खोटा अर्ज केला नाहीत, पैसे आपोआप आले. मयताचं कार्ड वापरलंत ही चूकच, बँकेला तेव्हाच कळवायला हवं होतं. विचारलं तर पैसे कुणी काढले हे खरं सांगा. रक्कम आपणहून परत केलेल्या माणसामागे पोलिसांचं शुक्लकाष्ठ लागण्याची शक्यता फार कमी.

आईचं काय, हे तुम्ही विचारलंच नाहीत. योजनेत जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते, पण मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला ही अट आड येत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. तुम्ही सज्ञान, म्हणून तुमचा आयकर तिच्या आड येत नाही. तिला स्वतःला महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन नसेल आणि फेरफारात तिचं नाव लागलं असेल, तर तिचा नवा अर्ज करा. त्याआधी तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. तुम्ही स्वतः मात्र त्या रांगेत उभे राहू नका.

आणि मूळ पासबुक दाखवायचं, द्यायचं नाही.