भरपाई एकरकमी घ्यावी की दरमहाची मदत चालू ठेवावी?

सप्रेम नमस्कार. आपण लेस्टरहून कळवले आहे की 1986 मध्ये बाळंतपणात चढवलेल्या रक्तातून आपल्याला हिपॅटायटिस-सी झाला, आज वयाच्या 67 व्या वर्षी यकृताचा सिरॉसिस आहे, इंग्लंडच्या सहाय्य योजनेची रक्कम नियमित येते आणि आता दूषित रक्तामुळे बाधित झालेल्यांना भरपाई देणाऱ्या ब्रिटिश सरकारी संस्थेचा, म्हणजे इन्फेक्टेड ब्लड कॉम्पेन्सेशन अथॉरिटीचा, भरपाईचा प्रस्ताव हाती पडला आहे. सर्व रक्कम एकदम घेऊन पुण्यात भाड्यासाठी दोन फ्लॅट घ्यावेत, असे चिरंजीवांचे मत आहे.

माझे मत वेगळे आहे. आपल्याला मिळणारी मदत तहहयात चालू ठेवून भरपाईतील उर्वरित भाग रोख घेण्याचा पर्याय या योजनेत आहे, आणि ही मदत महागाईनुसार वाढत असल्याने, यकृत पुढे किती साथ देईल हे सांगता येत नसताना, तिच्यासारखे खात्रीचे उत्पन्न बाजारात विकत मिळणे अवघड आहे. ती सोडून सारी भरपाई घेतल्यास एकरकमी किंवा 5, 10 अथवा 25 वर्षांच्या हप्त्यांची सोय आहे. मात्र निवड करण्यापूर्वी प्रत्येक पर्यायात आपल्या पश्चात कुटुंबाला काय मिळेल, हे अथॉरिटीतील आपला दावा हाताळणाऱ्या क्लेम मॅनेजरकडून लेखी घ्यावे. यजमानांना आणि मुलाला बाधितांचे नातेवाईक म्हणून स्वतंत्र दावा करता येतो, तो आपल्या रकमेत धरू नये.

भरपाईवर प्राप्तिकर, भांडवली नफ्यावरील कर व वारसा कर नाही, आणि उत्पन्नावर अवलंबून असलेल्या सरकारी भत्त्यांसाठीही ती मोजली जात नाही. परंतु ती गुंतवल्यावर येणारे व्याज किंवा भाडे करपात्र ठरते, म्हणून ही रक्कम वेगळ्या खात्यातच ठेवावी. ब्रिटनमध्ये ठेवींना एका बँकेत माणशी 1,20,000 पौंडांपर्यंत संरक्षण आहे, तेव्हा मोठी रक्कम एकाच बँकेत पडून राहू देऊ नये. एनएस अँड आय या ब्रिटिश सरकारी बचत संस्थेतील ठेवींना मात्र सरकारची पूर्ण हमी असते.

पुण्याच्या फ्लॅटचे गणित मला पटत नाही. किमतीच्या मानाने भाडे तुटपुंजे, भाडेकरूने कर कापून भरायचा, पुन्हा तेच भाडे ब्रिटनच्या विवरणपत्रात दाखवायचे, आणि औषधपाण्याचा खर्च पौंडांत असताना भांडवल रुपयांत अडकवायचे. शिवाय रुग्णालयात असताना फ्लॅट आठवडाभरात विकता येत नाही. माहेरच्या गावी घर असावे ही ओढ मी समजू शकतो, पण त्यासाठी एक फ्लॅट, तोही दोन वर्षांनी, पुरेसा आहे.

दूषित रक्तप्रकरणाच्या चौकशीचे अध्यक्ष सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या 20 मे 2024 च्या अहवालाने हा अनर्थ बऱ्याच अंशी टाळता आला असता असे म्हटले; आपण जवळजवळ चार दशके थांबलात, त्यामुळे सहीसाठी आणखी महिनाभर लागला तरी चालेल. तोवर अथॉरिटीमार्फत मिळणारा मोफत कायदेशीर व आर्थिक सल्ला घ्यावा, आणि त्या बैठकीला चिरंजीवांनाही सोबत न्यावे.