कमानपाट्याच्या सुरीला पाठीवर माती लावून पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवलं, की पातं तडकतं. काय चुकतंय? आणि मुठीला चितळाचं शिंग चालेल का?

चूक तुमच्या हातात नाही, पोलादात आहे. गाड्यांच्या कमानपाट्यात सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम असतं. ते जरा सावकाश थंड झालं तरी आतपर्यंत कडक होतं. त्यामुळे पाठीवर कितीही माती थापली तरी कडक धार आणि मऊ पाठ यांच्या सीमेवरची लाटेसारखी रेघ नीट उमटत नाही, आणि पाण्याचा झटका मात्र त्याला सोसत नाही. कमानपाट्याला कोमट तेलच द्या, माती नको.

मातीचं काम करायचंच असेल तर जुनी कानस शोधा. स्वस्तातल्या काही कानशी फक्त वरून कडक असतात, म्हणून आधी एक तुकडा लाल करून पाण्यात टाका आणि हातोडी मारा. काचेसारखा तुटला तर घ्या, वाकला तर सोडा. चिकणमातीत कोळशाची पूड आणि विटेची बारीक पूड मिसळा, नुसती माती वाळताना भेगाळते. पाठीवर तीनेक मिलिमीटर थर द्या. धारेवर अगदी पातळ हात फिरवला तरी चालतो. तो थर पाण्यात पात्याभोवती होणारं वाफेचं आवरण टिकू देत नाही, म्हणून धार उलट लवकर थंड होते. माती पूर्ण वाळू द्या. धार आधीच पातळ करू नका, निदान एक मिलिमीटर जाडी ठेवा.

भट्टी संध्याकाळी पेटवा. आपल्या नागपूरच्या उन्हात लाल रंग ओळखूच येत नाही. साधारण ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याहून किंचित वर नेऊन बुडवा, कानस पाण्यात, कमानपाटा तेलात. थंड होताच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास दोनदा ठेवा. यात टाळाटाळ केली तर पातं ठेवल्या जागी तडकू शकतं.

चितळाचं शिंग घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, जंगलात गळून पडलेलं असलं तरी. म्हशीचं शिंग घ्या, किंवा तिवस, बाभूळ. मला स्वतःला जुन्या बागेतलं संत्र्याचं लाकूड फार आवडतं. पिवळसर, घट्ट, बारीक रेषांचं. वाळताना ते चिरतं, म्हणून दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत हात लावू नका. मूठ हिवाळ्यात बसवा. मे महिन्यात बसवलेली पावसाळ्यात फुगते, पावसाळ्यात बसवलेली मे महिन्यात आकसते. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. गोळा करून टाकलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात.