मुलीला जंगलाचे नकाशे करायचे आहेत

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून पास झाली. दोन वर्षं ती मोबाईलवर पक्ष्यांच्या नोंदी करते आणि रात्री लॅपटॉपवर जंगलाचे नकाशे घेऊन बसते. पुढे हेच शिकायचं म्हणते. वडील दोन गोष्टी विचारतात. यात पोट भरेल का? आणि दुसरी : ‘आमच्याकडे नकाशा म्हटला की लोकांच्या पोटात गोळा येतो. आपली बागायत रेषेच्या आत गेली की बाहेर राहिली, एवढंच आम्ही नकाशात बघतो. माझीच पोर ते काम करणार?’

नमस्कार भाऊ,

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण पत्रातली खरी कळ तिथे आहे. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं आणि जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करायचा आदेश दिला. रेषेच्या आत घर आणि काजू असलेल्या माणसाला धास्ती वाटणारच. पण जानेवारी २०२० मध्ये याच जंगलात चार वाघ विषबाधेनं मेलेले सापडले, तो दिवसही तुम्ही विसरला नसाल. रेषा कळते आणि रेषेच्या आतली माणसंही कळतात, असं कोणीतरी या कामात हवंच आहे. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत वाढलेली मुलगी ते करू शकते.

आता तिच्यासाठी. बाळा, तू वापरतेस त्या गोष्टी फुकट मिळतात म्हणून सोप्या समजू नकोस. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रं २००८ पासून सर्वांना खुली झाली आणि सेंटिनेल-२ ची दर काही दिवसांनी नवी मिळतात, त्यात दहा मीटरचा तुकडाही ओळखू येतो. ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवरच्या लोकांच्या नोंदी जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जातात आणि तिथून कोणीही उतरवून घेऊ शकतं. आमच्या पिढीला यासाठी खात्याच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागायचं.

पण गोव्याचा पक्ष्यांचा नकाशा उघड आणि ठिपके कुठे पडलेत ते नीट बघ. करमळीचं तळं, चोडणचं सलीम अली अभयारण्य, बोंडला : जिथे गाडी पोचते तिथे गर्दी. डोंगरापलीकडच्या वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर एकही नाही. तिथे पक्षी नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. तिथे जाऊन कोणी पाहिलेलं नाही. रिकामी जागा दिसली की ‘इथे कोण गेलं होतं?’ असं विचारायची सवय तुला लागली तर निम्मं शिक्षण झालं. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं, ही सवय यायला वर्षं जातात.

दुसरं. वाघासारख्या धोक्यातल्या प्राण्याची नोंद आयनॅचरलिस्ट मुद्दाम हलवून दाखवतं, शिकाऱ्याला नेमकी जागा कळू नये म्हणून. ठिपका खऱ्या जागेपासून वीसएक किलोमीटरही सरकलेला असू शकतो. हे माहीत नसलेला माणूस मोलेच्या जंगलातलं जनावर भातशेतात दाखवील आणि त्यावरून अधिवासाचं गणितही मांडील. डेटा खुला असावा हे मला मनापासून पटतं, पण घरट्याची, गुहेची किंवा खवल्या मांजराच्या बिळाची नेमकी जागा कधीही जाहीर करायची नाही. यात मी कुणालाही सूट देत नाही.

हा उन्हाळा वाया घालवू नकोस. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात वणवे पेटले होते, धूर तुम्ही घरून पाहिला असेल. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर त्या महिन्याच्या आगीच्या नोंदी आजही मिळतात. त्या उतरव, क्यूजीआयएसमध्ये अभयारण्याच्या हद्दीवर ठेव. त्यातल्या व्हीआयआयआरएस या उपग्रह-उपकरणाच्या नोंदीत एकेक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, आग त्यात कुठेही असू शकते. दाट झाडीखालची छोटी आग उपग्रहाला दिसतही नाही. मग छापील नकाशा घेऊन बाबांबरोबर गावात फीर. कुठला ठिपका म्हणजे काजूखालचा पाचोळा जाळलेला आणि कुठला खरा वणवा, हे उपग्रह सांगत नाही, शेजारचे आजोबा सांगतील. त्यांनी सांगितलेलं तारखेसह लिहून ठेव.

तुमच्यासाठीही एक काम आहे, भाऊ. गवे आणि खेती (माकडं) कुळागरात कधी उतरतात, काय खातात, कुठल्या बाजूनं येतात, याची वही ठेवा. दोन वर्षांची अशी वही म्हणजे डेटाच, आणि तो कुठल्याही उपग्रहाकडे नाही.

पोटाचं आता स्पष्टच सांगते. केवळ वन्यजीवांच्या नकाशांवर कायमची नोकरी देणाऱ्या जागा थोड्या आहेत. संस्थांचे प्रकल्प वर्ष-दोन वर्षांचे असतात, पगार बेताचा असतो, प्रकल्प संपला की पुढचा शोधावा लागतो. पण हेच कौशल्य नगरनियोजन, जलसंपदा, पीक विमा, खाणकाम अशा सगळीकडे लागतं, त्यामुळे रिकामं बसायची वेळ सहसा येत नाही. तिनं बीएस्सी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल घेऊन करावी. जोडीला संख्याशास्त्र सोडू नये आणि पायथन किंवा आर यांपैकी संगणकाची एक भाषा शिकावी. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग पदवीच्या काळातच करता येतील. नंतर जिओइन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भू-माहिती हाताळण्याच्या शास्त्रात, पदव्युत्तर शिक्षण पुण्यात घेता येतं. थेट वन्यजीवशास्त्राकडे जायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे, पण तिथे जागा फार कमी, तयारी आतापासून हवी. पदवीला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र असेल तर नंतर भारतीय वन सेवेची परीक्षाही देता येईल, नुसता भूगोल त्याला चालत नाही.

हे सगळं कागदावर राहतं का, असं तुम्ही विचाराल. मोलेचं आठवा. रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन वेगळ्या फायली होत्या. तिन्ही एका नकाशावर ठेवल्या की तिन्ही एकाच जंगलातून जातात हे शाळकरी पोरालाही दिसतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. अशा प्रकरणात दोन्ही बाजूंना नकाशा वाचणारी माणसं लागतात, आणि आपल्या बाजूला ती कमी पडतात.

पदवी प्रवेशाला अजून काही आठवडे आहेत. तोवर तिला तुमच्या वाड्याचा नकाशा करू द्या : पायवाटा, देवराई, कुळागराला पाणी देणारी झर, गवे उतरतात ती वाट. ओपनस्ट्रीटमॅपवर यातलं काय आधीच आहे ते तपासायला सांगा. वाड्याचं नाव चुकीचं लिहिलेलं असेल तर ते तिनंच दुरुस्त करावं, तसं करता येतं. काय जाहीर करायचं आणि काय घरातच ठेवायचं, ते तुम्ही दोघं बसून ठरवा. नकाशाची एक प्रत मला पाठवा, प्रवेशअर्जाबरोबर काय जोडायचं ते मी त्यावरून सांगेन.