सोनोग्राफी नॉर्मल, मग पित्त अडलं कुठे?

प्रश्न : आईचं वय ५२, वजन ६० किलो. चार महिन्यांपासून तळहात-तळपायांना खाज येते, रात्री जास्त. उन्हाळा म्हणून घामोळ्यांची पावडर लावली, फरक नाही. अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि हाडांतून रक्तात येणारं एन्झाइम) वाढून ४८०, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य) १.१. डॉक्टर म्हणतात, पित्ताचा प्रवाह अडलाय. पण सोनोग्राफी नॉर्मल आहे. नातेवाईक कावीळ उतरवून घ्या, तेल-हळद बंद करा म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नागपूरच्या मे महिन्यात खाजेचा दोष उन्हावर जाणारच. पण घामोळ्या सहसा तळहातांवर येत नाहीत. अंगावर पुरळ नसताना तिथे खाज आली की यकृत तपासायचं.

पित्त दोन ठिकाणी अडतं. मोठ्या नळीत खडा किंवा गाठ असली की मागची नळी फुगते आणि सोनोग्राफीत दिसते. तेव्हा डोळे पिवळे, लघवी गर्द, शौच पांढुरकी मातीसारखी होते. सोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. यकृताच्या आतल्या बारीक नळ्या मात्र सोनोग्राफीच्या आवाक्याबाहेरच्या. त्या सुजल्या तर रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, आणि बिलिरुबिन बरीच वर्षं वाढत नाही.

आधी जीजीटी, म्हणजे यकृताच्या दुसऱ्या एन्झाइमची रक्ततपासणी, करा. तेही वाढलेलं असेल तर फॉस्फटेज हाडांतून नाही, यकृतातून येतंय हे पक्कं. मग एएमए, म्हणजे अँटी-मायटोकॉन्ड्रियल अँटिबॉडी. मध्यमवयीन बाईत ती पॉझिटिव्ह आली तर निदान बहुधा प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजे याच बारीक नळ्यांची दीर्घकाळची सूज. (२०१५ पर्यंत या नावात 'सिरोसिस' (यकृत कडक, निबर होणं) होतं आणि पेशंट उगाच हादरायचे.) ती निगेटिव्ह आली तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय. चालू गोळ्या, काढे, चूर्णं यांची यादी डॉक्टरांना द्या. त्यांनीही पित्त अडतं.

निदान तेच ठरलं तर अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड रोज किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम. ६० किलोला ७८० ते ९००, म्हणजे ३०० च्या तीन गोळ्या, जेवणासोबत. बहुतेकांना हे औषध कायमचं घ्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून बंद करणं, ही नेहमीची चूक. दुसरी गफलत : या गोळीने खाज थांबेल असं समजणं. ती थांबत नाही. त्यासाठी कोलेस्टायरामिनची ४ ग्रॅमची पुडी पाण्यात कालवून देतात. दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर पुडी गोळीलाच धरून ठेवते आणि फुकट घालवते.

पित्त आतड्यात कमी उतरलं की ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. म्हणून पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), व्हिटॅमिन डी आणि हाडांची घनता पाहून घ्यावी.

आता कावीळ उतरवणं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, ते हातांवर आधी चोळलेल्या झाडपाल्यामुळे. निरोगी माणसाचे हात धुवा, तेवढंच पिवळं होईल. हळदीने रक्तातलं बिलिरुबिन वाढत नाही; भाजीतली चिमूटभर चालू द्या, हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत. तेलही पूर्ण तोडू नका. शौच तेलकट, तरंगणारी होत असेल तरच कमी करा, आणि तेव्हा सावजीची तर्री सोडा.