ऐनवेळी "हो" म्हणायला जमत नाही

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, नोकरी करते, घरी नवरा आणि दोन मुलं. माझं सगळं आधी ठरलेलं असतं, रविवारी काय करायचं ते मंगळवारीच पक्कं, प्रवासाला जायचं तर सामानाची यादी पंधरा दिवस आधी तयार. गेल्या महिन्यात संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला, खाली उभी आहे, ये पाच मिनिटात, नुसती एक चक्कर मारून येऊ. मी काहीही काम नसताना नको म्हटलं. का म्हटलं तेच कळलं नाही, ती गेली आणि मला रडूच आलं. नवरा म्हणतो तुझा स्वभावच तसा आहे, उत्स्फूर्तपणा तुझ्यात नाहीच. तो स्वतः मनात येईल तेव्हा उठतो आणि जातो. हे बदलता येतं का?

उत्तर : "काहीही काम नसताना नको म्हटलं" ही तुमची ओळ मी परत परत वाचली. वेळ होता, मैत्रीण जवळची होती, जावंसंही वाटत होतं (नाहीतर रडू आलं नसतं), तरी तोंडातून नको निघालं. अशा वेळी आत एक हिशोब सुरू झालेला असतो, कपडे बदलायचे का, मुलांना सांगायचं काय, परत किती वाजता, उद्या लवकर उठायचंय, आणि तो हिशोब पाच मिनिटात काही पुरा होत नाही, मग तो बंद करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नको म्हणून टाकायचं. नको म्हटलं की लगेच हायसं वाटतं. वाईट नंतर वाटतं, माणूस निघून गेल्यावर. त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते बघा, आणि ती वीस वर्षं टिकली की घरातले तिला स्वभाव म्हणायला लागतात. सवय असेल तर ती बदलते, हळूहळू का होईना.

आता नवऱ्याबद्दल. ते मनात येईल तेव्हा उठून जाऊ शकतात ते कुणाच्या जिवावर, हे एकदा शांतपणे बघा. मुलं किती वाजता येणार, कुठलं बिल कधी भरायचं, कुणाला डॉक्टरकडे कधी न्यायचं हे सगळं तुमच्या डोक्यात आहे म्हणून त्यांचं डोकं रिकामं आहे. घरात भांडण लावायला लिहीत नाहीये हे, पण चार माणसांचं वेळापत्रक डोक्यात घेऊन फिरणाऱ्या बाईला "जरा मोकळी हो ना" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यातली दोन-तीन कामं पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, पूर्णपणे म्हणजे आठवण करून द्यायचं कामही तुमचं नाही, विसरले तर तेच निस्तरतील. हे आधी करा. याशिवाय बाकीचं काही फार टिकणार नाही असं मला वाटतं.

प्लॅनिंग मात्र सोडू नका, ती तुमची ताकद आहे. फक्त मजेच्या गोष्टींचं प्लॅनिंग जरा सैल करा. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोच या दोघींनी २०१६ साली एक संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात असं दिसलं की मजेसाठी करायच्या गोष्टीला ठराविक दिवस आणि ठराविक वेळ लावली की ती कामासारखी वाटायला लागते, मजा कमी होते. पण तीच गोष्ट ढोबळ ठरवली, म्हणजे "दुपारी कधीतरी भेटू" एवढंच, तर तसं होत नाही. मला हे फार पटतं, कारण तुमच्यासारख्या माणसाला "काही ठरवूच नकोस" म्हटलं तर ती घाबरेल, पण "ढोबळ ठरव" हे जमण्यासारखं आहे. तर कॅलेंडरवर रविवारची दुपार अडवून ठेवा आणि तिच्यात काहीच लिहू नका. पहिले एक-दोन रविवार अस्वस्थ वाटेल, हात आपोआप कपाट आवरायला जातील, जाऊ देत, पण आधीच्या रात्री मात्र काही ठरवायचं नाही.

दुसरं, ऐनवेळी तुमच्याच्याने ठरवणं होत नाही ना, मग आधीच ठरवून ठेवा. नियमच करा, तासाभरात संपणारी आणि कुणाचं नुकसान न करणारी गोष्ट कुणी सुचवली की उत्तर हो. हिशोब आधीच झालेला आहे, फोन आल्यावर परत मांडायचा नाही. आणि पूर्ण हो जड वाटलं तर अर्धं हो म्हणा, "वीस मिनिटं येते." लोकांना वीस मिनिटंही चालतात, आपल्यालाच वाटतं की गेलो तर नीट, पूर्ण वेळ, तयारीनिशी गेलं पाहिजे.

आणि त्या मैत्रिणीला फोन करा, कारण वगैरे शोधत बसू नका. आपण असा अचानक फोन केला तर समोरच्याला काय वाटेल, बिझी असेल का, असं वाटून आपण थांबतो. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये बरेच प्रयोग करून दाखवलं की अशी अचानक आठवण काढलेली समोरच्याला किती आवडते याचा आपला अंदाज कमी पडतो, आणि जितकं अनपेक्षित तितकं त्याला जास्त आवडतं. यावेळी तुम्ही तिच्या घराखाली उभ्या राहा.

प्रश्न : माझं एकदम उलट आहे. वय २८. मनात आलं की करतो. साहेब बोलले म्हणून रागात दोन नोकऱ्या एका क्षणात सोडल्या, मोठी खरेदीही घरात न सांगता करून येतो. बायको बेजबाबदार म्हणते, मी म्हणतो मी उत्स्फूर्त आहे. कोण बरोबर?

उत्तर : या दोन उदाहरणांपुरती तरी बायको बरोबर आहे.

सायकोड्रामा ही उपचारपद्धती ज्यांनी उभी केली ते याकोब मोरेनो (१८८९ ते १९७४) आयुष्यभर उत्स्फूर्ततेच्याच मागे होते, आणि त्यांची व्याख्या साधारण अशी, नव्या परिस्थितीला योग्य प्रतिसाद देणं किंवा जुन्या परिस्थितीला नवा प्रतिसाद देणं. त्यातला "योग्य" हा शब्द बघा. मनात पहिलं आलं ते केलं एवढ्याने भागत नाही, समोर काय आहे, कोण आहे, ते दिसायला लागतं. आणि "नवा" हाही शब्द बघा. साहेब बोलले, राग आला, नोकरी सोडली, पुढच्या ठिकाणी परत साहेब बोलले, परत राग, परत सोडली, यात नवं काय झालं? ही तर जुनीच वाट आहे, फक्त जोरात धावत गेलात. रागाच्या त्या क्षणी तुम्ही तिथेच थांबून साहेबांना "मला हे लागलं" एवढं म्हणाला असतात तर तो तुमच्यासाठी खरा उत्स्फूर्तपणा झाला असता. पैसा आणि नोकरी या दोन बाबतीत एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि बायकोला आधी सांगा. बाकी फिरणं, खेळणं, अचानक कुणाकडे जाणं, त्यात तुमचा हा गुण राहू दे, घराला त्याची गरज असते.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. ग्रुपमध्ये कुणी पटकन काही बोललं की मला उत्तर सुचत नाही, नुसता हसतो. रात्री झोपताना मात्र एकेक भारी उत्तरं सुचतात. मी बोअर आहे असं वाटायला लागलंय.

उत्तर : बोअर अजिबात नाहीस. उत्तरं रात्री येतात याचा अर्थ ती तुझ्याकडे आहेत, फक्त दिवसा दारावर कुणीतरी बसलंय जो प्रत्येक वाक्य तपासून मगच बाहेर सोडतो. २००८ साली चार्ल्स लिंब आणि ऍलन ब्राऊन यांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून छोटा कीबोर्ड वाजवायला दिला. पाठ केलेलं वाजवताना आणि मनाने रचत वाजवताना तुलना केली तर रचताना मेंदूच्या पुढच्या भागातला स्वतःवर नजर ठेवण्याशी संबंधित हिस्सा शांत झालेला दिसला. म्हणजे त्यांचा दारावरचा माणूस तेवढ्यापुरता उठून जातो. पण ही मंडळी वर्षानुवर्षं रियाज केलेली होती हे विसरू नकोस, त्यांना ते एका दिवसात आलेलं नाही.

तुझा तपासनीस कशासाठी अडवतो? भारी उत्तर हवं म्हणून. कीथ जॉन्स्टन हे नाटकातल्या इम्प्रोव्हायझेशनचे, म्हणजे लिहिलेल्या संवादांशिवाय ऐनवेळी सुचेल ते करण्याचे, मोठे शिक्षक, ते विद्यार्थ्यांना सांगायचे की हुशार बनायला जाऊ नका, जे उघड आहे तेच बोला. मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो, कारण तुला जे उघड आणि साधं वाटतं ते दुसऱ्याला सुचलेलंच नसतं. कुणी म्हणालं आज डोकंच चालत नाहीये, तर "झोपला नाहीस का रात्री" हे पुरेसं उत्तर आहे, गप्पा पुढे सरकतात. शिकागोच्या वायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी नाटकाचे खेळ तयार केले, त्यांच्या खेळात प्रत्येकाला लक्ष ठेवायला एक ठरलेली गोष्ट असायची, म्हणजे मन स्वतःकडे बघत बसत नाही. तू ग्रुपमध्ये असताना हे कर, बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द नीट ऐक, बस. आता काय बोलू हे शोधायचं नाही. बघ, शब्द खरंच ऐकला की पुढचा प्रश्न बऱ्याचदा त्यातूनच निघतो.

घरी एकटा असताना जॉन्स्टन यांचाच एक खेळ करून बघ. खोलीत फिरत एकेका वस्तूकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने तिचं चुकीचं नाव घ्यायचं, खिडकीला हत्ती, पंख्याला चप्पल, असं. सातव्या-आठव्या वस्तूला अडकशील कारण तिथे "चांगलं चुकीचं" नाव शोधायला लागशील. अडकलास की कुठलंही नाव टाक आणि पुढे जा.

आणि रात्री सुचलेली ती भारी उत्तरं वाया का घालवायची? सकाळी भेटल्यावर सरळ सांग, "काल तू ते म्हणालास ना, त्यावर मला रात्री हे सुचलं."