इन्सुलिन सोडून पावडर द्यायची का? मनूच्या घरी काय झालं ते सांगते

मी सांगली भागात डायबेटीस असलेल्या मुलांच्या आईवडिलांचं समुपदेशन करते आणि मला एक प्रश्न सारखा येतो, कधी फोनवर, कधी क्लिनिकच्या जिन्यात, कधी लग्नाच्या पंगतीत सुद्धा. मॅडम, लेकराला टाइप वन (शरीरात इन्सुलिन बनणंच बंद होत जातं तो डायबेटीस) निघालाय, इन्सुलिन चालू आहे, पण अमक्या गावात एकजण पावडर देतात त्याने इन्सुलिन कायमचं सुटतं म्हणे, देऊन बघू का? झाडपाल्याचंच आहे, तोटा काय होणारे?

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे कोणी अर्ध्यात वाचणं सोडलं तरी चालेल. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद करायचं नाही, एक दिवस पण नाही, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. आता मनूच्या घरचं सांगते (नावं, खाणाखुणा सगळं बदललंय), कारण नुसतं नाही म्हणून घरातला प्रश्न सुटत नाही हे मी रोज बघते.

मनू नऊ वर्षांची. खूप तहान, सारखी लघवी, दोन महिन्यात कपडे ढगळ व्हायला लागले आणि मग एका रात्री उलट्या होऊन ग्लानीतच दवाखान्यात आणलेली. तिथे कळलं. पोर वाचली, इन्सुलिन सुरू झालं, घरी गेली. पुढे दोनेक महिन्यांनी तिची आई सविता एकटीच माझ्याकडे आली, घरी न सांगता, बाजाराच्या पिशवीत पेपरात गुंडाळलेली पुडी घेऊन. तपकिरी पावडर, मेथी आणि कारल्याचा वास येत होता, बाकी काय होतं देव जाणे, पुडीवर ना नाव ना काही. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून द्यायची आणि देणाऱ्याची अट अशी की २१ दिवस सुई पूर्ण बंद, नाहीतर गुण येणार नाही.

सविता म्हणाली, मॅडम मला पण भीती वाटते, पण खोटं कसं म्हणू, आठ दिवस इन्सुलिनसोबतच पावडर दिली आणि मनूचा डोस कमी झालाय की, आधी १८ युनिट लागायचं आता ६ वर आलंय, डॉक्टरांनीच कमी केलंय. घरी सगळे म्हणतायत गुण आला, आता धीर करून सुई बंद करा.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच भलीभली शिकलेली माणसं फसतात. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. पण निदान होतं तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात आणि बाहेरून इन्सुलिन मिळायला लागलं की त्यांच्यावरचा ताण कमी होतो, त्या काही काळ पुन्हा काम करायला लागतात. मग डोस खाली येतो, कधीकधी अगदी थोडक्यावर. याला डॉक्टर लोक हनिमून फेज म्हणतात, काही आठवडे ते काही महिने, एखाद्याला वर्षभर सुद्धा चालते आणि मग संपते. पावडर दिली तरी आणि नाही दिली तरी. आता योगायोग असा की निदानानंतरचे हेच महिने घरचे लोक चारी दिशांना औषध शोधत फिरत असतात, त्यामुळे जे काही त्या दिवसात दिलं असेल त्यालाच श्रेय जातं, मग तो काढा असो, माळ असो नाहीतर विजयसारच्या लाकडी ग्लासातलं पाणी असो.

मी सविताला पावडर वाईट आहे असं काहीच म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की समजा हिने गुण आला तर तुमचं कोणतं ओझं उतरेल? आणि बाई रडायलाच लागली. सासूबाई नातेवाईकांसमोर म्हणाल्या होत्या की ही पोटुशी असताना पेढे फार खायची म्हणून पोरीला शुगर लागली. हे ती मनात घेऊन बसली होती, नवऱ्याला सुद्धा बोलली नव्हती. आणि दुसरं म्हणजे लग्न. नऊ वर्षांच्या पोरीचं लग्न! पण मी हसले नाही, आपल्याकडे मुलीला रोज सुई लागते म्हटल्यावर आईच्या डोक्यात पहिलं तेच येतं. ती पुडी त्या आईसाठी औषध नव्हती, आपल्यावरचा आरोप पुसायचं साधन होतं. हे कळल्याशिवाय तिला विज्ञान सांगून उपयोग नसतो.

पेढ्यांचं मी तिथेच स्वच्छ सांगितलं. आईने गरोदरपणात गोड खाल्ल्याने टाइप वन होत नाही, मुलीने चॉकलेट खाल्ल्याने पण होत नाही, तुमचा यात काडीचा दोष नाही. आणि पुढच्या वेळी आजींना घेऊन या म्हटलं.

आजी आल्या, नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आवं बाई, सुया टोचून टोचून पोर वाळली आमची. मला धा वर्सं झाली शुगर, जांभळाच्या बियांची पावडर खाते, काय झालं मला?" विचारलं तर कळलं की आजी सकाळी एक गोळी पण घेतात, सरकारी दवाखान्यातली, न चुकता. मग आजींनीच असा प्रश्न टाकला की मला फार आवडला, "मग माझीच गोळी तिला का चालत न्हाई?"

मी म्हटलं, आजी, तुमच्या विहिरीत पाणी आहे पण मोटर नीट ओढत नाही, मनूची विहीरच आटत चाललीय. गोळी, पथ्य, चालणं, वजन कमी करणं याने मोटर सुधारते, म्हणून तुमच्यासारख्या टाइप टूच्या लोकांची शुगर खाली येते आणि एखाद्याची गोळी पण सुटते. आटलेल्या विहिरीला मोटर बदलून काय उपयोग? पाणी बाहेरूनच आणायला लागतं. आणि आत्ता जे थोडं पाणी दिसतंय ना ते वळवाच्या पावसाचं आहे, उन्हाळ्याला पुरणारं नाही.

आजी बराच वेळ गप्प बसल्या. शेतीतलं माणूस, विहीर आटणं म्हणजे काय ते मी त्यांना शिकवायची गरज नव्हती.

व्हॉट्सअ‍ॅपवर जे व्हिडिओ फिरतात ना, माझं इन्सुलिन सुटलं, माझी शुगर गायब, ते बहुतेक टाइप टूवाल्यांचे असतात आणि त्यातल्या काहींचं खरंही असतं. पण दोन्हीला आपण 'शुगर' हेच नाव दिलंय त्यामुळे काकांचा अनुभव पुतणीला लावला जातो. वनस्पतीत औषध नसतंच असंही मी म्हणत नाही, टाइप टूच्या मेटफॉर्मिन या गोळीचं मूळ सुद्धा एका वनस्पतीत सापडलेल्या घटकापर्यंत जातं. पण ती गोळी सुद्धा मनूच्या इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही, मग बिननावाची पुडी कशी घेईल?

इन्सुलिन नव्हतं तेव्हा काय व्हायचं हे पण मी आजींना सांगितलं. १९२१ साली कॅनडात टोरांटोला इन्सुलिनचा शोध लागला, त्याआधी अशी मुलं बहुतेक वर्ष-दोन वर्षात जायची, डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढेच थोडे दिवस जास्त मिळायचे. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं, तो अगदी मरणाच्या दारात होता, तो पुढे तेरा वर्षं जगला. आणि हे फक्त आपल्या खेड्यातच होतं असं समजू नका. शरीरावर चापट्या मारून रोग बरा करायची एक थेरपी आहे, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला तिच्या शिबिरात टाइप वन असलेला एक लहान मुलगा दगावला, २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये ७१ वर्षांच्या बाई दगावल्या, दोघांचंही इन्सुलिन थांबलं होतं. ती शिबिरं घेणाऱ्याला इंग्लंडच्या कोर्टाने २०२४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली.

आजींना खंडोबाचा अंगारा लावायचा होता, ओटी भरायची होती. मी म्हटलं खुशाल करा, रोज लावा, फक्त इन्सुलिनच्या वेळेला आणि डोसला कोणी हात लावायचा नाही. यावर काही लोक मला नावं ठेवतात की तुम्ही अंधश्रद्धेला सूट देता. मला तसं वाटत नाही. अंगाऱ्याने इन्सुलिन थांबत नाही आणि आजीला नातीसाठी काहीतरी करायचंय ही गरज खरी आहे. मग त्यांना एक कामच दिलं, शाळेला जाताना मनूच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं आहेत का ते बघायचं, शुगर एकदम खाली आली तर लागतात म्हणून. ते त्या एवढ्या कडक करायला लागल्या की मनूच वैतागली.

राहिले वडील. ते दोन बैठकांना आले आणि नुसते खाली बघत बसले, पावडरबद्दल एक शब्द नाही. शेवटी सविता बाहेर गेल्यावर म्हणाले, मॅडम, शुगर तपासायच्या स्ट्रिपा आणि इन्सुलिनचा खर्च दर महिन्याला, जन्मभर, आणि ती पुडी दीडशे रुपयाची. त्यांना पावडरीवर विश्वास वगैरे काही नव्हता, हिशोब बसत नव्हता. याला समुपदेशन काय करणार, याला सरकारी दवाखान्यात इन्सुलिन कुठे आणि कसं मिळतं ते शोधून द्यावं लागतं, आम्ही दिलं. इन्सुलिनचं पेन परवडत नसेल तर कुपी आणि सिरिंजने पण इन्सुलिन देता येतं, हे सुद्धा कित्येकांना कोणी सांगितलेलं नसतं.

खरी परीक्षा पुढे काही महिन्यांनी झाली. मनूचा डोस पुन्हा वाढायला लागला, ६ चा १० झाला, मग १६. गावात लगेच सुरू, बघा पावडर सोडली म्हणून वाढलं, सुईची सवय लागली. पण हे असं होणार हे त्या घराला आधीच माहीत होतं, मी वहीत लिहूनच दिलं होतं की डोस वाढेल, तेव्हा घाबरायचं नाही. सविताने फोनवर सांगितलं की आजीच शेजारणीला म्हणाल्या, "वळवाचं पाणी सरलं, दुसरं काय." आणि सवयीबद्दल म्हणाल तर, तुमचं माझं शरीर पण दिवसरात्र इन्सुलिन बनवतंच, आपल्याला दिसत नाही एवढंच. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

आता जे विचारतात की इन्सुलिन चालू ठेवून सोबत दिलं तर चालेल का, त्यांना माझं सांगणं असं आहे. जेवणात मेथी, कारलं, जांभूळ खुशाल खा. पुडीचं मात्र वेगळं आहे. शुगरच्या 'देशी' पावडरीत अ‍ॅलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातल्याचं तपासण्यांमध्ये सापडलेलं आहे, तशी पावडर आजीने आपल्या गोळीवर घेतली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक असंही नसतं, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आणि डायबेटीस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

आणि ज्या घरात ऑलरेडी इन्सुलिन बंद केलंय त्यांनी हे वाचून अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, आजच दवाखान्यात जा. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, झोपाळल्यासारखं, यातलं काहीही असेल तर रात्री दोन वाजता सुद्धा निघा, एक-दोन दिवसात जीवावर बेततं. लेकरू जेवत नाहीये म्हणून इन्सुलिन देऊ नका असं आपल्या मनाने ठरवू नका, आजारपणात तर ते लागतंच, किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील. आणि जी पुडी दिली असेल ती सोबत न्या, कधीपासून दिली, सुई कधी बंद केली ते खरं सांगा, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका, ओरडले तर ओरडू दे.